त्याचा सूर्य शोधताना

बाबांची वाचा गेल्याचं काकूंनी फोनवर सांगितलं, तेव्हा मी न्यूझीलंडमधल्या एका डोंगरावर, वेधशाळेच्या स्वयंपाकघरात कपबश्या विसळत होते. काकू म्हणजे आमच्या रत्नागिरीच्या घराशेजारच्या. आई गेल्यापासून बाबांचा सकाळचा चहा त्यांच्याकडूनच यायचा.

"अगो, चहा नेऊन दिला तर कप उजव्या हातात धरताच येईना," त्या सांगत होत्या. "बोलायला गेले तर नुसतं तोंड हलतंय. आत्ता दवाखान्यात नेलंय. तू ये गो बाय. लगेच नीघ."

मी निघाले. दोन महिन्यांची रजा टाकली होती आणि येताना एकच बॅग भरली होती.

बाबा एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. रत्नागिरी स्टँडवरच्या जाळीच्या खिडकीमागे बसून त्यांनी बरीचशी नोकरी केली. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठली उशिरा येतेय, कुठली रद्द झाली, हे ते माइकवरून सांगत. आवाज खर्जातला, शब्द सुटे सुटे. बाजारात त्यांनी कांद्याचा भाव विचारला तरी एखादा अनोळखी माणूस वळून बघायचा. हा आवाज आपण कुठेतरी ऐकलाय, असं त्याच्या चेहऱ्यावर दिसायचं. शाळा सुटली की मी स्टँडवर जाऊन त्यांच्या खिडकीलगतच्या बाकावर बसायची. दापोली, गुहागर, देवरूख, राजापूर. बाबांच्या तोंडून ही गावं इतकी सुंदर वाटायची की प्रत्येक ठिकाणी एकदा तरी जाऊन यायचं मी ठरवलं होतं. प्रत्यक्षात गेले भलतीकडेच.

दवाखान्यात त्यांनी मला ओळखलं. डावा हात वर केला आणि तोंड उघडलं. खूप प्रयत्नांनी एक शब्द बाहेर आला.

"चला."

मला वाटलं, घरी चला म्हणतायत. पण थोड्या वेळाने पाणी हवं होतं तेव्हाही "चला" म्हणाले, आणि उशी नीट केली नाही म्हणून रागावले तेव्हाही तेच. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की त्यांना आपलं बोलणं कळतंय, त्यांचे शब्दही जागच्या जागी आहेत, पण ते बाहेर यायची वाट अडली आहे. अशा माणसाच्या तोंडी कधीकधी एखादाच शब्द उरतो आणि तो सगळ्या कामांना वापरला जातो. बाबांचा उरला होता "चला". तीस-पस्तीस वर्षं गाड्या सोडणाऱ्या माणसाकडे दुसरा कुठला उरणार?

दोन महिने संपले. बाबा काठी घेऊन अंगणात चालायला लागले, पण त्यांना एकटं सोडून जाण्यासारखी स्थिती नव्हती. मी वेधशाळेतल्या आमच्या संशोधन गटाच्या प्रमुख बाईंना तसं कळवलं. त्या भल्या बाई. म्हणाल्या, डोंगरावर येऊन निरीक्षणं घेणं तुला जमणार नाही, पण आपल्याकडे मागची कितीतरी वर्षांची निरीक्षणं पडून आहेत. ती चाळायला माणूस हवंच आहे. ते काम घरून कर.

असं माझं दुकान पडवीतल्या टेबलावर मांडलं गेलं. टेबलापुढे दगडी गडगा, गडग्यापलीकडे काकूंची फणसाची झाडं आणि एक आंब्याचं कलम. बाबांची खुर्ची माझ्या डाव्या बाजूला.

"पण तू नक्की करतेस काय गो दिवसभर?" काकूंनी एकदा नारळ खवता खवता विचारलं.

"ग्रह शोधते, काकू."

"कुठले? आपले नऊ तर सापडलेत."

"दुसरे. ज्यांना सूर्य नाही असे."

त्यांनी खवणीवरून मान वर केली. "सूर्याशिवाय ग्रह?"

मग मी त्यांना सांगितलं, बाबांनाही ऐकू जाईल असं. ताऱ्याभोवती ग्रह जन्मतात तेव्हा सुरुवातीला बरीच ढकलाढकली होते. एखादा मोठा ग्रह जवळून जातो आणि त्याच्या ओढीने धाकटा ग्रह कक्षेतून बाहेर फेकला जातो. तो फुटत नाही, विझत नाही. आपला ताऱ्याताऱ्यांमधल्या काळोखात जात राहतो. असे ग्रह आपल्या आकाशगंगेत पुष्कळ असावेत, कदाचित ताऱ्यांहून जास्त. पण त्यांच्यावर कुणाचा उजेड पडत नाही, म्हणून ते दिसत नाहीत.

"दिसत नाहीत तर आहेत कशावरून म्हणता?"

हा प्रश्न मला परदेशातल्या मोठमोठ्या सभांमध्येही इतका सरळ कुणी विचारला नव्हता. मी उत्तर दिलं ते असं. आकाशगंगेच्या मध्याकडे ताऱ्यांची अतोनात दाटी आहे. तिकडचे कोट्यवधी तारे आम्ही दुर्बिणीने पुन्हा पुन्हा टिपत राहतो. समजा त्यातल्या एका ताऱ्याच्या अगदी समोरून असा काळोखा ग्रह गेला. ग्रहाच्या गुरुत्वाकर्षणामुळे मागून येणारा प्रकाश वाकतो आणि ग्रह भिंगासारखं काम करतो. मागचा तारा थोडा वेळ जास्त उजळ दिसतो, मग पहिल्यासारखा होतो. समोरून गेलेली वस्तू ताऱ्याएवढी जड असेल तर हे उजळणं काही आठवडे चालतं. गुरूएवढी असेल तर एखाद-दोन दिवस. पृथ्वीएवढी असेल तर काही तास. आणि त्या छोट्या उजळण्याच्या मागेपुढे दुसरं कुठलंही मोठं उजळणं नसेल, तर जवळपास त्याचा सूर्य नाही असं म्हणायला जागा राहते.

"म्हणजे तुम्ही ग्रह बघतच नाही," काकू म्हणाल्या. "त्याच्यामागचा दिवा मोठा झालेला बघता."

"हो."

"आणि परत कधी होतो तो मोठा?"

"परत नाही. ते दोघं पुन्हा तसे एका रेषेत येत नाहीत. एकदाच."

काकूंनी खोबरं ताटलीत झटकलं आणि "कठीण आहे बाई तुमचं" म्हणत उठल्या.

कठीण होतं ते चाळणं. संगणक उजळण्याचे हजारो प्रसंग शोधून द्यायचा आणि त्यातले जवळजवळ सगळे खोटे असायचे. कुठे ताऱ्याचाच भडका, कुठे वाटेतून गेलेला लघुग्रह, कुठे चंद्राचा उजेड, कुठे कॅमेऱ्याचा दोष. मी एकेक आलेख उघडून बघे आणि बाद करे. शेजारी बाबा. बोलण्याचे व्यायाम शिकवायला दवाखान्यातून एक मुलगी घरी येत असे. तिने मला सांगितलं होतं की त्यांच्याशी बोलत राहा, काहीही बोला, पण सावकाश. म्हणून मी माझं कामच त्यांना सांगायची. "हा बघा बाबा, हा नुसता भडका. झपकन चढलाय आणि रेंगाळत उतरलाय. आपल्याला हवा तो चढतो तसाच उतरतो." ते मान डोलवत. कधी मी एखादा आलेख घाईने पुढे ढकलला की डाव्या हाताने माझं मनगट धरून थांबवत आणि परत दाखवायला लावत.

एकदा इथल्या एका कॉलेजात मला या विषयावर बोलायला बोलावलं. मराठीत बोलायचं होतं, आणि या ग्रहांना मराठीत काय म्हणावं ते मला ठरवता येईना.

"बाबा, भटके ग्रह म्हणू?"

त्यांनी तोंड वाकडं केलं.

"अनाथ ग्रह?"

त्याहून वाकडं. मग त्यांचे ओठ हलायला लागले. मी थांबले. आधी "चला" येईल असं वाटलं, पण ते "वि... वि..." करत राहिले. कपाळावरची शीर फुगली.

"विना... विनाथांबा."

मी हसायला लागले आणि हसता हसता रडायला लागले. विनाथांबा गाडी. मधे कुठेही न थांबणारी. मी त्यांचा हात धरला आणि सुचलं ते बोलून गेले. "विनाथांबा कुठली, बाबा? कुठे लागलीय?"

आणि बाबांचं तोंड उघडलं. "रत्नागिरी-चिपळूण विनाथांबा, फलाट क्रमांक दोनवर उभी आहे. प्रवाशांनी नोंद घ्यावी."

तोच आवाज. तोच खर्ज, तसेच सुटे शब्द, "नोंद घ्यावी"वरचा तोच उतार. न अडखळता, एका दमात. काकू त्यांच्या अंगणातून धावत आल्या. बाबा स्वतःच दचकले होते. आपण काय बोललो ते शोधत असल्यासारखे इकडेतिकडे बघत होते.

"बाबा, मला हाक मारा," मी म्हटलं. "बाय म्हणा. नेहमी म्हणता तसं."

त्यांनी प्रयत्न केला. खूप केला. शेवटी थकून म्हणाले, "चला."

बोलण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने नंतर समजावलं की वर्षानुवर्षं घोकलेली वाक्यं मेंदूत दुसऱ्या वाटेने येतात. आरती येते, पाढे येतात, तशी ही घोषणा आली. मनातून नवा शब्द काढून बोलणं वेगळं. मी कारण समजून घेतलं. त्यानंतर बाबांच्या तोंडून पुष्कळ गाड्या सुटल्या, अंघोळीच्या वेळी तर पूर्ण वेळापत्रक. पण मला ते लहानपणापासून मारत आलेली हाक काही आली नाही, आणि मी ती मागायची सोडून दिली. त्यांना वाईट वाटायचं.

एक अर्धा आलेख मला पावसाळ्यात सापडला. बाहेर धो धो कोसळत होतं, वीज गेली होती, लॅपटॉप इन्व्हर्टरवर चालला होता. एक साधा, अंधुक तारा. वर्षानुवर्षं एकाच पातळीवर. आणि एका रात्री तो चढायला लागतो, छान गुळगुळीत चढतो, जवळजवळ माथ्याशी पोचतो, आणि तिथे आमची निरीक्षणंच संपतात. दुसऱ्या रात्री तो पुन्हा पहिल्या पातळीवर. चढ होता, उतार नव्हता. संगणकाने त्याला कधीच कचऱ्यात टाकलं होतं, कारण अर्ध्या चढावरून काहीच सिद्ध होत नाही.

मी तारीख बघितली आणि हात थांबला. त्या रात्रीची नोंद उघडून बघायची गरजही नव्हती. वाऱ्याचा वेग मर्यादेबाहेर गेला की दुर्बिणीचा घुमट बंद करायचा असा नियम असतो. त्या रात्री तो आम्ही बंद केला होता. आम्ही म्हणजे मी आणि माझा सहकारी. तो दक्षिण आफ्रिकेचा. आम्ही दोघंही त्याच हिवाळ्यात तिथे रुजू झालो होतो आणि पाळ्या बहुतेक एकत्र यायच्या. घुमट बंद झाल्यावर काही करण्यासारखं नव्हतं. निरीक्षण-खोलीत हीटरजवळ बसून आम्ही संत्री सोलून खाल्ली. तो त्याच्या गावाबद्दल बोलत होता. कोरडं पठार, मेंढ्या, शाळामास्तरीण आई. मी स्टँडबद्दल बोलत होते. वारा इतका होता की पत्रे वाजत होते. बोलता बोलता त्याने माझा हात हातात घेतला आणि तसाच ठेवला. दोघंही काही बोललो नाही. उजाडल्यावर गाडीने खाली उतरलो, आणि तो विषय पुन्हा निघाला नाही. का निघाला नाही ते आजही मला नीट सांगता येणार नाही. दोघंही भिडस्त. आणखी चार हिवाळे आम्ही शेजारी बसून काम केलं. मग त्याची आई एकटी पडली म्हणून तो त्याच्या देशात परत गेला, तिथल्या वेधशाळेत लागला. निरोपाला आम्ही कचेरीतल्या माणसांसारखं हस्तांदोलन केलं. त्यानंतर दरवर्षी नाताळाला दोन ओळी, मग त्याही बंद.

आता गोष्ट अशी होती की न्यूझीलंडमध्ये पहाट होते तेव्हा दक्षिण आफ्रिकेत नुकती रात्र पडलेली असते. आम्ही त्या रात्री पुढे काही बघू शकलो नव्हतो, पण तिथल्या कुठल्या तरी दुर्बिणीने आकाशाचा तोच तुकडा त्याच रात्री टिपला असेल, तर उतार तिथे सापडायला हवा होता. आणि तिथली जुनी चित्रं कुठे ठेवलीत हे ज्याला विचारता येईल असा एकच माणूस मला ठाऊक होता.

मी मेल लिहायला घेतला. दोन ओळी लिहिल्या, खोडल्या. परत लिहिल्या. ही कामाची विचारपूस वाटायला हवी होती, आणि ती नुसती कामाची नव्हती हे मला कळत होतं. तशीच पडद्याकडे बघत बसले. बाबा बराच वेळ माझ्याकडे बघत होते. त्यांनी काठीने टेबलाच्या पायावर टकटक केलं.

"चला," ते म्हणाले. या वेळी त्याचा अर्थ लावायची गरज नव्हती. मी मेल पाठवला.

उत्तर संध्याकाळीच आलं. "त्या रात्रीची चित्रं दुसऱ्या एका गटाकडे असावीत. विचारतो. ती रात्र आठवते मला." एवढंच होतं. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं.

पुढच्या आठवड्यात त्याचा फोन आला. इतक्या वर्षांनी आवाज ऐकला तर पहिला शब्द नमस्काराचाही नव्हता.

"उतरतोय," तो म्हणाला.

"काय?"

"तुझा तारा. आमच्याकडे अंधार पडल्यावरचं पहिलंच चित्र घे. अजून थोडा उजळ आहे, आणि तिथून खाली उतरतोय. तुझा चढ आणि माझा उतार एकमेकांशेजारी ठेवले. आरशात बघितल्यासारखे आहेत."

मी बाबांना मिठी मारली. त्यांना काय झालं ते कळायच्या आत मी काकूंना हाका मारत गडग्यापाशी गेले होते.

त्यानंतरचं वर्षभर आम्ही दोघांनी त्या एका रात्रीवर काम केलं. दर शनिवारी दुपारी फोन. माझ्याकडे काकूंचा मिक्सर चालू असायचा, त्याच्याकडे मागे आईचा खोकला. भडका नाही हे सिद्ध केलं, लघुग्रह नाही हे सिद्ध केलं. ग्रहाचं वजन पृथ्वीच्या काही पटींत निघत होतं. एक शंका मात्र उरत होती, आणि ती मोठी होती. ग्रह आपल्या सूर्यापासून फार लांबच्या कक्षेत फिरत असेल, तर तो सूर्य रेषेत येतच नाही आणि आपल्याला ग्रह एकटा वाटतो. म्हणून त्याच्या आसपास सूर्य आहे का हे प्रत्यक्ष शोधायला हवं होतं. त्यासाठी काही वर्षं जावी लागतात. मागचा तारा आणि समोरून गेलेली वस्तू हळूहळू एकमेकांपासून बाजूला सरकतात. तेवढी वर्षं आमच्या बाबतीत आपोआपच गेली होती. आता एका मोठ्या दुर्बिणीने अतिशय बारीक चित्र घेतलं, तर ताऱ्याच्या बाजूला एखादा मंद ठिपका दिसायला हवा. दिसला तर तो त्या ग्रहाचा सूर्य.

आम्ही त्या दुर्बिणीवर वेळ मागितला. तो मिळाल्याचं कळलं त्याच महिन्यात त्याची आई गेली. त्या शनिवारी मागे खोकला नव्हता. आम्ही कामाचं काही बोललो नाही. तो आईच्या स्वयंपाकघरातल्या वस्तूंबद्दल सांगत राहिला; कुठला डबा कुठे ठेवायचा ते त्याला माहीत नव्हतं.

जानेवारीत एका परिषदेसाठी तो मुंबईला येणार होता. म्हणाला, चित्र तोपर्यंत हातात आलेलं असेल. मेलने पाठवत नाही. घेऊनच येतो.

सकाळच्या गाडीने तो आला. मी रिक्षा घेऊन स्टेशनवर गेले होते. केस पांढरे झाले होते, खांदे थोडे उतरले होते. मीही काही तशीच राहिले नव्हते. वाटेत कुवारबावचा उतार संपेपर्यंत आम्ही दोघंही रिक्षावाल्याचीच बडबड ऐकत होतो.

बाबा पहाटेपासून इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून पडवीत बसले होते. त्याने वाकून त्यांचा डावा हात दोन्ही हातांत घेतला. बाबांनी त्याला नखशिखांत न्याहाळलं आणि अगदी स्पष्ट म्हणाले, "प्रवाशांनी नोंद घ्यावी."

"काय म्हणाले?" त्याने मला विचारलं.

"स्वागत केलं तुझं."

काकूंनी घावनं केली होती आणि नारळाचा गोड रस. "ह्याला हाताने खाता येतं काय, विचार गो," त्या आतून म्हणाल्या. विचारायच्या आतच त्याचा दुसरा घास चालू होता.

दुपारी टेबलावर त्याने लॅपटॉप उघडला. बाबांनी त्यांची खुर्ची जवळ ओढून घेतली. काळ्या पार्श्वभूमीवर आमचा तारा होता, एक बारीकसा पांढरा ठिपका. मी पडद्याजवळ डोळे नेले. ताऱ्याच्या डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. मला सांगायच्या आधी त्याला मला बघू द्यायचं होतं.

"काही नाही," मी म्हटलं.

"काही नाही. सगळ्या तऱ्हेने तपासलं."

"पण एखादा फारच मंद तारा असेल तर..."

"तर या दुर्बिणीलाही दिसणार नाही. एकटा आहे असं म्हणता येत नाही. त्याच्याजवळ कुणी सापडलं नाही, इतकंच लिहिता येईल."

बाबांनी बोट पुढे केलं. ताऱ्याच्या बाजूच्या रिकाम्या काळ्या जागेवर ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं.

"तिथे कुणी नाही, बाबा. निदान आपल्याला दिसलं नाही."

ते बोट त्यांनी बराच वेळ उचललं नाही.

तो आठवडाभर राहिला. बाबांबरोबर अंगणात फेऱ्या मारायचा, मिरकरवाड्याला जाऊन काकूंसाठी मासे आणायचा आणि त्यांची बोलणी खायचा. शेवटच्या संध्याकाळी आम्ही भाट्याच्या किनाऱ्यावर गेलो. ओहोटी होती. सुरूच्या बनाकडून ओल्या वाळूवरून चालत होतो.

"आमच्याकडे एक जागा आहे," तो म्हणाला. "तुझ्यासारखंच माणूस हवंय. वडिलांना घेऊन ये. घर मोठं आहे, रिकामंच आहे."

मी ऐकत होते. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला ते घर दिसलं. पठार, मेंढ्या, स्वयंपाकघर, आणि कुठला डबा कुठे ठेवायचा हे ठरवणारी मी.

"बाबांना बोलता येत नाही," मी म्हटलं. "इथे त्यांना बोलावं लागत नाही. मासेवाली त्यांच्या नुसत्या खुणेवर बांगडे निवडून देते. न्हावी घरी येतो. रिक्षावाले थांबून विचारतात, 'साहेब, आज कुठली गाडी लागली?' आणि ते सांगतात. तुमच्याकडे त्यांना कोण विचारणार?"

तो थांबून माझ्याकडे वळला.

"मग मी इथे आलो तर?"

"इथे दुर्बीण कुठेय तुझ्यासाठी?"

"नाही," तो म्हणाला. "ती नाही."

त्याला दुर्बिणीशिवाय राहता येणार नव्हतं, आणि तसं मी त्याला ठेवलंही नसतं. मी चार वर्षं डोंगरापासून लांब होते. ते कसं असतं हे मला ठाऊक होतं. अंधार पडल्यावर आपोआप मान वर जाते आणि मग आठवतं की आज आपली पाळी नाही. कधीच नाही.

स्टेशनवर गाडी यायच्या आधी तो म्हणाला, "त्या रात्री मी बोलायला हवं होतं."

"मीही."

गाडी लागली तेव्हा मी त्याला मिठी मारली, फलाटावरच, चहावाल्यासमोर. रत्नागिरीत अशा गोष्टी बाजारात पोचायला वेळ लागत नाही. संध्याकाळपर्यंत काकूंना कळलं होतं. रात्रीच्या जेवणाला सोलकढी घेऊन आल्या आणि माझ्या पाठीवरून हात फिरवून गेल्या.

आमचा लेख छापून आला. ग्रहाला नाव मिळालं नाही, आकडे आणि अक्षरं जोडलेली एक ओळख मिळाली, आणि तिच्यापुढे "संभाव्य" हा शब्द. पुढे आणखी मोठी दुर्बीण येईल तेव्हा कुणीतरी पुन्हा बघेल. बाबा अजून आहेत. चालणं सुधारलंय, बोलणं तेवढंच आहे. मी त्यांच्याजवळ आहे याचं मला दुःख नाही. पण दिवाळीच्या सुमारास अंधार पडला की आकाशगंगेचा तो दाट भाग नैर्ऋत्येला समुद्रावर टेकायला आलेला असतो, आणि काही तासांनी त्याच्याकडे रात्र पडते तेव्हा तो भाग तिथे अजून बराच वर असतो, हे मला माहीत आहे. त्या दिवसांत मी संध्याकाळी मांडवीच्या किनाऱ्यावर जाते. घरी काही सांगत नाही.

या जानेवारीत तो येणार होता. नवा कॅमेरा बसवण्याचं काम निघालं आणि बेत रद्द झाला. परवाच्या शनिवारी फोन आला तेव्हा दोघांकडेही कामाचं काही उरलं नव्हतं.

"आत्ता तुमच्याकडे कसं आहे?" त्याने विचारलं.

"आंब्यांना मोहोर आलाय. सगळीकडे वास सुटलाय."

"कसा असतो तो? मी होतो तेव्हा सर्दी झाली होती मला."

मी सांगायचा प्रयत्न केला. गोड म्हटलं, मग वाटलं गोड नाही. थोडा तुरट म्हटलं, तेही पटेना. शेवटी उठले, खिडकी उघडली आणि फोन धरलेला हात गजांमधून बाहेर काढला, काकूंच्या कलमाकडे. वेडेपणाच होता. बराच वेळ तसाच धरून उभी राहिले. फोन परत कानाला लावला तेव्हा तो अजून पलीकडे होता.